आम्ही तारण मागतो कुठे?



गेल्या कार्तिकात कल्याण स्टेशनच्या पुलावर एका तरुणाने माझ्या हातात एक पत्रक ठेवले. गळ्यात माळ आणि कपाळाला बुक्का पाहूनही ठेवले, म्हणजे धीराचा म्हणायचा. गुलाबी कागद, वर ठळक प्रश्न: आज रात्री मरण आले तर तू कुठे जाशील? आत उत्तर होते. मनुष्य जन्मतः पापी आहे, स्वतःच्या पुण्याईने तो सुटू शकत नाही. देवाच्या पुत्राने वधस्तंभावर प्राण देऊन सर्वांच्या पापाचे देणे फेडले आहे. आता पश्चात्ताप करावा, येशूला प्रभू मानावे, बाप्तिस्मा घ्यावा, म्हणजे तारण झाले. दुसरा मार्ग नाही. खाली रविवारच्या प्रार्थनेची वेळ. मी पत्रक फाडले नाही. हरिपाठाच्या पोथीत घडी करून ठेवले आणि डोंबिवलीची लोकल धरली.

त्याच आठवड्यात आळंदीच्या पायी दिंडीची नावे लिहायला मंडळ बसले. आमचे मंडळ डोंबिवलीलगतच्या गावातले. आता गाव कुठे संपते आणि टॉवर कुठे सुरू होतात ते कळत नाही, पण मारुतीच्या देवळातले एकादशीचे भजन चुकलेले नाही. नावे लिहिता लिहिता एका ताईंचे नाव आले आणि एकजण म्हणाला, "तिचं नाव काढा. माळ घालून रविवारी उल्हासनगरला येशूच्या प्रार्थनेला जाते." या ताई वीस वर्षे दिंडीत डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालल्या आहेत. त्यांच्या मुलाच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. हे सगळ्यांना ठाऊक होते. तरी दहा-बारा माना हलल्या.

त्या रात्री मी बोललो, पण रागाच्या भरात अर्धेच बोललो. उरलेले इथे लिहितो. थोडे पत्रकाला उद्देशून आहे आणि बरेचसे आपल्यालाच उद्देशून आहे, तेव्हा माउलींनी रागावू नये.

आधी पत्रकाशी वाद. कीर्तनकाराने पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडावा, म्हणून प्रथम हे कबूल करतो की त्यातले अर्धे आपल्याला मान्यच आहे. मनुष्य स्वतःच्या पुण्याईने सुटत नाही, हे आमच्या संतांनी काय कमी वेळा सांगितले? योग, याग, व्रते, तीर्थाटने यांचा डौल त्यांनी उतरवला आणि पतिताला नामाचा आधार दिला. अजामिळाची कथा आपण सप्ताहात ऐकतो ती कशासाठी? आणि तुकोबांनी स्वतःला जितके दोष लावून घेतले आहेत तितके कुणा पाद्र्यानेही श्रोत्यांना लावले नसतील. पाप आणि कृपा हे शब्द समुद्रापलीकडून यायची वाट आम्ही पाहत नव्हतो.

भांडण पुढे आहे. कुठे जाशील, हा प्रश्न वारकऱ्याला विचारणारा वारी या शब्दाचा अर्थच विसरतो. वारी म्हणजे पुन्हा पुन्हा जाणे-येणे. आषाढी झाली की घरी यायचे, पेरणी-नोकरी-संसार बघायचा आणि कार्तिकीला परत निघायचे. मरणाचेही आम्ही तसेच धरले आहे. तुकोबांनी मुक्ती नाकारून संतांची संगत मागितली, त्यासाठी पुन्हा गर्भवास पत्करायला ते तयार झाले. हरिपाठाच्या पहिल्याच अभंगात माउलींनी चारी मुक्ती इतक्या स्वस्त करून ठेवल्या आहेत की त्यासाठी दारात घटकाभर उभे राहणे पुरे. ज्याला तारण नकोच आहे, त्याला तारणाची धास्ती दाखवून काय उपयोग?

दुसरी गोष्ट देण्याघेण्याची. पत्रकातला देव सावकारासारखा बसला आहे, देणे थकले आहे आणि कुणीतरी ते भरले आहे. आमचा देव पुंडलिकाच्या दाराशी विटेवर उभा आहे, कारण भक्त आईबापांचे पाय चेपतो आहे आणि त्याला मागे वळायला सवड नाही. इथे थांबून राहिलेला देव आहे. न्यायाने सांगायचे तर ख्रिस्ती शास्त्रातही असा बाप आहे. घर सोडून गेलेला, सगळे उधळून आलेला मुलगा लांबून दिसताच जो धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो, हिशेब विचारत नाही. तो बाप पत्रकात का नाही छापत? त्याची आणि आमच्या विठाईची ओळख पटायला वेळ लागणार नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत जड आहे. दुसरा मार्ग नाही, असे पत्रक म्हणते. माझी आजी जात्यावर ओव्या गात पहाटे दळण दळायची, एकादशीला पाण्यावर राहायची, दारात आलेल्याला भाकरी दिल्याशिवाय जेवायची नाही. येशूचे नाव तिच्या कानावर कधी पडले नाही. पत्रकाच्या हिशेबाने ती कुठे आहे? ज्या तारणात माझी आजी मावत नाही ते मला नको. सगळे ख्रिस्ती असे म्हणत नाहीत, हेही सांगतो. रोमच्या धर्मपरिषदेने १९६५ साली जाहीर केले की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही. आपल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ज्यांनी बायबल सोप्या मराठीत आणले आणि २०२० साली मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले, त्यांच्या लिहिण्या-बोलण्यात संतांविषयीचा आदर होता. पुलावरच्या तरुणाने आधी त्यांना विचारायला हवे होते.

पत्रकाशी वाद इथे संपला. आता आपल्याकडे वळतो.

त्या रात्री कुणीतरी म्हणाले, हे परके लोक काल आले. काल? अलेक्झांड्रियाचा कॉस्मस नावाचा व्यापारी सहाव्या शतकात लिहून गेला आहे की कल्लियाना बंदरात इराणातून नेमलेला बिशप आहे. पुष्कळ इतिहासकार ते आपलेच कल्याण मानतात. म्हणजे माउलींच्या जन्माआधी सातशे वर्षे. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू तेव्हाच्या सुलतानी अधिकाऱ्यांकडून मारले गेले, तेव्हा आमचे नामदेवराय हयात होते. पुढे पोर्तुगीज अमलात साष्टीत देवळे पाडली गेली, धर्मांतरे लादली गेली, हेही विसरायचे कारण नाही. ठाणे १७३७ मध्ये आणि वसई १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतली, तो हिशेब तिथे झाला. त्याचे व्याज पुलावरच्या पोराकडून वसूल करायचे नसते.

आणि नारायण वामन टिळक तर आपलेच. बालपणी ते कल्याणला शिकले. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घर तुटले, लक्ष्मीबाई कित्येक वर्षे दूर राहिल्या, मग परत आल्या, पुढे स्वतः ख्रिस्ती झाल्या आणि ती सगळी हकिकत 'स्मृतिचित्रे'त सांगून गेल्या. टिळकांनी अभंग सोडला नाही, कीर्तन सोडले नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. आपल्यातले काहीजण या वाक्याने चिडतात. मला चीड येत नाही, मला प्रश्न पडतो. तुकोबा ज्याच्या जिभेवर होते तो माणूस पूल ओलांडून का गेला? जातिभेदाचा त्यांना वीट आला होता. तो भेद नसलेले घर त्यांनी शोधले आणि ते आपल्यात सापडले नाही. गाथा आपल्याकडे होती, घर नव्हते.

चोखोबांची समाधी महाद्वारात आहे, आत नाही. आपण तिला नमस्कार करून आत जातो आणि ती बाहेर का आहे हे कीर्तनात दोन टिपे गाळून सांगतो. पंढरीच्या विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषणाला बसावे लागले. विठोबा अठ्ठावीस युगे उभा, असे आपण म्हणतो, आणि त्याचे दार उघडून अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. या मधल्या काळात ज्याने दुसरे दार ठोठावले त्याला धर्मबुडव्या म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

"पण आमिष दाखवून नेतात," असे मंडळात सांगण्यात आले. आमिष दाखवणारे, भीती घालणारे असतील तर त्यांची तक्रार पोलिसांत करावी, मी सोबत येतो. या ताईंना काय आमिष मिळाले, ते मी त्यांनाच विचारले. त्या म्हणाल्या, "दादा, पहिल्या दिवशी त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि पोराचं नाव विचारलं." मुलाचे डायलिसिस सुरू होऊन तेव्हा सात महिने झाले होते. त्या सात महिन्यांत ताई चौदा एकादश्यांना भजनाला येऊन गेल्या. आपण त्यांना वृंदावन घ्यायला सांगितले, खिचडी वाढायला सांगितले. मुलाचे नाव मलाही ठाऊक नव्हते. याला आमिष म्हणायचे असेल, तर हे आमिष आपल्याकडे का नव्हते?

एक गोष्ट मात्र मी ताईंना ठामपणे सांगितली. विश्वास पुरा असेल तर यंत्राची गरज काय, असे तिथे कुणीतरी त्यांना म्हणाले होते. आपल्याही गल्लीत एकाने अमुक ठिकाणचा अंगारा लावा, डायलिसिस सुटेल, असे सांगितले होते. दोन्ही सल्ले एकाच लायकीचे. नवसाची थट्टा तुकोबांनी केलीच आहे, ती रविवारच्या नवसालाही लागू आहे. देवाला बरे करायचे असेल तर तो यंत्राला लावलेल्या माणसालाही बरे करू शकतो, एक वारी चुकवू नका, असे मी म्हणालो. डायलिसिसला मी वारी म्हणालो म्हणून ताई बऱ्याच दिवसांनी हसल्या.

मंडळाची बैठक पुन्हा झाली. ताईंचे नाव यादीत राहिले. त्यांनी माळ उतरवलेली नाही. उतरवली तरी नाव राहील, असेही ठरले. तिघांनी विरोध केला, त्यांतला एक माझा सख्खा चुलतभाऊ आहे आणि तो अजून माझ्याशी धड बोलत नाही. आठवड्यात तीन वार मुलाला दवाखान्यात न्यावे लागते. त्यांतले दोन वार आमच्या टाळकऱ्यांनी वाटून घेतले आहेत. तिसऱ्या वारी प्रार्थनेतला एक गृहस्थ येतो. रिक्षाचे पैसे कुणी द्यायचे यावरून त्यांची आणि आमच्या मृदंगवाल्या बुवांची दर वेळी ओढाताण होते.

आणि तो तरुण परवा पुलावर पुन्हा भेटला. पत्रक पोथीत जपून ठेवले आहे हे दाखवल्यावर त्याला काय बोलावे सुचेना. मी म्हटले, "तुझा प्रश्न वाचला, उत्तर द्यायचे आहे, पण ते पुलावर देता येणार नाही. संध्याकाळी सात वाजता देवळात हरिपाठ असतो, ये. टाळ मी देतो." तो म्हणाला, "सोमवारी रात्रपाळी नसली तर बघतो."