हे चित्र कुणाचे?



शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातला कोणताही तक्ता पाहा. मजकूर तुम्ही कष्टाने लिहिलेला असतो, शेवटी पुस्तकांची यादीही दिलेली असते. पण निम्मा तक्ता व्यापणाऱ्या चित्रांखाली काय असते? बहुधा काहीच नाही. असलेच तर ‘साभार : गूगल’ एवढे दोन शब्द. माझ्या मते हे दोन शब्द लिहिले काय नि न लिहिले काय, सारखेच. गूगलवर शोधले की चित्र कुठे ठेवले आहे एवढे कळते. ते काढलेले असते दुसऱ्याच कुणीतरी. ग्रंथालयातून पुस्तक आणले तर संदर्भात आपण ‘कपाट क्रमांक ४’ असे लिहितो काय?

चित्राखाली नाव देणे हा आभार मानण्यासारखा एक शिष्टाचार आहे, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः विज्ञानात चित्र ही साक्ष असते. साक्षीदार कोण, त्याने ती गोष्ट स्वतः पाहिली की ऐकली, केव्हा पाहिली, हे कळल्याशिवाय साक्षीची किंमत ठरवायची कशी?

एका गेंड्याची हकीकत सांगतो. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्क याला एक जिवंत गेंडा भेट दिला. १५१५ च्या जानेवारीत हा गेंडा गोव्याहून जहाजाने निघाला आणि २० मे रोजी लिस्बनला पोचला. युरोपात कित्येक शतकांत कुणी गेंडा पाहिलेला नव्हता. त्याचे वर्णन आणि एक रेखाटन जर्मनीतील न्यूर्नबर्ग शहरी गेले. तेथे आल्ब्रेख्त ड्यूरर हा विख्यात चित्रकार राहत असे. तेवढ्या माहितीवर त्याने चित्र काढले आणि लाकडी ठशावरून ते छापले गेले. गेंडा त्याने डोळ्यांनी कधीच पाहिला नाही. चित्र मोठे रुबाबदार आहे, यात शंका नाही. पण त्यातल्या गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे जडवल्यासारखे दिसतात, पायांवर खवले आहेत आणि मानेच्या मागे एक लहानसे पिळदार शिंग जास्तीचे आहे! आपल्या काझीरंगातल्या गेंड्याला शिंग एकच, तेही नाकावर. चित्राच्या वरच्या बाजूला ड्यूररने चांगला लांबलचक मजकूर छापला आहे. मात्र चित्र ऐकीव माहितीवरून काढले आहे, ही एक गोष्ट त्यात नाही. शिवाय गेंडा आल्याचे साल १५१३ असे चुकीचे पडले आहे ते वेगळेच.

पुढे कोनराड गेस्नरच्या प्राण्यांवरील प्रसिद्ध ग्रंथात १५५१ साली हेच रूप आले. तेथून पुढे नकलेची नक्कल होत गेली आणि प्रत्येक नकलेबरोबर ते खोटे शिंगही गेले. १७४१ साली क्लारा नावाची गेंड्याची मादी हॉलंडात आली आणि तिला युरोपभर फिरवून दाखवण्यात आले. चित्रकारांनी तिला समोर पाहून चित्रे काढली, तेव्हा कुठे ड्यूररच्या गेंड्याचे राज्य संपू लागले. म्हणजे सव्वादोनशे वर्षे गेली! ‘ऐकीव वर्णनावरून’ एवढे शब्द मूळ चित्राखाली असते आणि नक्कल करणाऱ्यांनी ते पुढे नेले असते, तर वाचकाला शंका घ्यायला जागा तरी राहिली असती.

माणसांच्या चित्रांतही असेच घडते. लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाचे नाव वरच्या वर्गांत गेल्यावर तुम्हांला भेटेल. त्याचे म्हणून जे चित्र शेकडो पुस्तकांत छापले गेले, ते त्याचे नव्हतेच! ते लुई लजांद्र नावाच्या, फ्रेंच राज्यक्रांतीतील एका पुढाऱ्याचे होते. गणितज्ञाचे नाव आद्रियाँ-मारी. चित्राखाली नुसते आडनाव, आणि छापणाऱ्याने पुढे चौकशी केली नाही. ही चूक २००५ साली ध्यानात आली. गणितज्ञ लजांद्रचे आज ठाऊक असलेले एकमेव चित्र १८२० सालचे आहे, आणि तेही व्यंगचित्र!

या जुन्या काळच्या गोष्टी झाल्या, असे म्हणाल. मग हबल दुर्बिणीने १९९५ साली टिपलेले, गरुड तेजोमेघातील वायुस्तंभांचे चित्र घ्या. तुमच्या तक्त्यांवर ते हमखास असते. त्यात हायड्रोजन हिरवा दिसतो. पण त्या हायड्रोजनचा जो प्रकाश दुर्बिणीने टिपला, त्याची तरंगलांबी ६५६ नॅनोमीटर, म्हणजे तो चक्क तांबडा! गंधकाचा तांबडा प्रकाश हायड्रोजनच्या तांबड्याहून वेगळा ओळखू यावा म्हणून शास्त्रज्ञांनी गंधकाला तांबडा, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग योजला. यात फसवणूक मुळीच नाही. मात्र ‘रंग योजलेले’ हे शब्द गाळून तुम्ही चित्र चिकटवलेत, तर पाहणाऱ्याची फसवणूक होते, आणि ती हबलने नव्हे, तुम्ही केलेली असते.

नाव गाळल्याने अन्यायही होतो. २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली. त्या लेखात आकृती एकच, दोन फिती एकमेकींभोवती वळसे घेत वर जाणारी. पुढे जगभर जिच्या नकला झाल्या अशी ही आकृती ओडील क्रिक या चित्रकर्तीने काढली होती. त्या फ्रान्सिस क्रिक यांच्या पत्नी. लेखात त्यांचे नाव कोठेही नाही.

मग लिहावे तरी काय? चित्र कशाचे, कुणी काढले, केव्हा, आणि तुम्हांला कोठे मिळाले. उदाहरणार्थ : ‘आकृती ३. गेंडा. चित्रकार : आल्ब्रेख्त ड्यूरर, लाकडी ठशावरून छाप, १५१५, प्रत : ब्रिटिश म्युझियम, लंडन.’ त्यापुढे ज्या पुस्तकातून वा संकेतस्थळावरून तुम्ही ते घेतले त्याचे नाव, पुस्तक असेल तर पृष्ठही. चित्र कापले, रंग बदलले, तर तसे सांगा. पाहून स्वतः काढले असेल तर ‘अमक्याच्या आकृतीवरून’ असे म्हणा. मूळ चित्रकार शोधूनही सापडला नाही तर तेही लिहा. त्यात कमीपणा कसला? आणि अलीकडे संगणकाला सांगून चित्रे बनवून घेतात, ती वापरलीत तर कोणत्या साधनाने बनवली हे स्पष्ट लिहा. अशा चित्रातल्या पेशीचा किंवा मंडलाचा पुरावा म्हणून काडीइतकाही उपयोग नाही. तुम्ही पेन्सिलीने काढलेली वेडीवाकडी आकृती मला त्याहून शंभरपट मोलाची वाटते, कारण मंडल जोडताना तारा कुठे लावल्या ते तुम्ही पाहिलेले असते.

आणखी एक. नाव दिले म्हणजे परवानगी मिळाली असे नव्हे. अभ्यासवहीत चित्र चिकटवणे निराळे आणि छापून विकायच्या अंकात घालणे निराळे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने चित्रकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे राहतो.

आठवी-नववीच्या मुलांना एवढे कशाला, असे काही शिक्षक म्हणतात. प्रयोगवहीत मापाबरोबर एकक लिहिले नाही तर हेच शिक्षक गुण कापतात, आणि ते योग्यच आहे. चित्रालाही तोच नियम लावावा, असे मला वाटते. ज्या चित्राखाली ओळ नाही, ते परीक्षकाने प्रकल्पात धरूच नये. तक्त्यावर जागा नसते, ही तक्रारही ऐकू येते. तर चित्राला नुसता क्रमांक द्या आणि बाकीची माहिती तक्त्याच्या मागच्या बाजूला पेनाने लिहा. तक्ता उलटून पाहायला परीक्षकाला फारसे श्रम पडत नाहीत.