फावला वेळ कोणाचा?

गेल्या जत्रोत्सवात आमच्या देवळाच्या सभामंडपात एका विद्वान वक्त्यांचे गृहिणीधर्मावर व्याख्यान झाले. वक्ते वयोवृद्ध, वाणी प्रासादिक आणि श्रोतृसमुदाय महाप्रसादापर्यंत बसून राहण्याच्या तयारीत. त्यामुळे व्याख्यान रंगले. त्याच्या ओघात त्यांनी खंत व्यक्त केली की, आमच्या आज्या-पणज्या घरचे सारे पाहून फावल्या वेळात स्वेटर, टोपडी, देवापुढची आसने विणीत. आजच्या सुनांच्या हाताशी गॅस आहे, मिक्सर आहे, कपडे धुण्याचे यंत्र आहे, आणि तरी घरात लोकरीचा एक गुंडा दिसत नाही. पुरुषवर्गाने टाळ्या वाजविल्या. मागे खांबाजवळ काही स्त्रिया व्याख्यान ऐकता ऐकता उत्सवासाठी वाती वळीत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत, म्हणून त्यांच्या टाळ्या पडल्या नाहीत. देवळात वाद घालू नये हा संकेत आम्ही पाळला. मासिकाच्या पानावर तो पाळण्याचे कारण नाही.

आमचा आक्षेप त्या दोन शब्दांवर आहे: फावला वेळ. स्त्रियांच्या हस्तकौशल्याविषयी कोणी चार ओळी लिहिल्या की हे दोन शब्द त्यांत हटकून येतात, आणि लिहिणाऱ्याला वाटते की आपण कौतुक केले. वस्तुतः त्यांचा अर्थ काय? दिवाणी न्यायालयात मृताच्या मिळकतीची व्यवस्था लागते तेव्हा आधी अंत्यविधीचा खर्च, मग सावकारांचे देणे, मग मृत्युपत्रातील देणग्या, आणि सर्वांचे भागून काही उरलेच तर शेष वारसाला. गृहिणीच्या दिवसाची व्यवस्था याच क्रमाने लागते. नवऱ्याचा डबा, मुलांची शाळा, सासऱ्यांची औषधे, दाराशी आलेला पाहुणा, देवाचा नैवेद्य हे सारे धनको. आणि जिच्या मालकीचा तो दिवस, ती मात्र शेष वारस. तिला जे उरते त्याला फावला वेळ म्हणतात. बहुधा काही उरत नाही, म्हणून ती झोपेतून काढते. झोपेतून चोरलेल्या तासाला 'फावला' म्हणणे ही भाषेची लबाडी आहे.

ज्यांनी आयुष्यात सुई हाती धरली नाही त्यांना हे काम तुकड्यातुकड्यांनी करण्याजोगे वाटते. चार वर्षांच्या मुलाचा साधा स्वेटर घ्या. खालचा पट्टा बारा नंबरच्या सुयांवर, अंग दहा नंबरवर (हे नंबर उलटे चालतात, आकडा वाढतो तशी सुई बारीक होते, आमच्यासारख्यांची पहिली फजिती येथेच होते). पाठीचे ऐंशी-नव्वद टाके आणि सव्वाशे-दीडशे ओळी, म्हणजे एका पाठीतच दहा हजारांहून अधिक टाके. पुढचा भाग, दोन बाह्या आणि गळा धरून हिशेब तीस हजारांच्या घरात जातो. सरावाचा हात मिनिटाला वीस-पंचवीस टाके घालतो असे धरले, तरी वीस ते पंचवीस तास नुसते विणण्याचे. जोडणी वेगळी आणि चुकले म्हणून उसवणे वेगळे. हे तास वीस-वीस मिनिटांनी तोडून दिले तर साठ ते पाऊणशे बैठका होतात. नक्षी जाळीची किंवा वेणीची असेल तर प्रत्येक बैठकीच्या आरंभी आपण कोणत्या ओळीवर होतो हे पुन्हा शोधावे लागते. ओळीच्या मध्ये हाक आली आणि ती उठली की एखादा टाका सुईवरून गळतो, आणि चार ओळी खाली धावलेला टाका वर चढवून आणण्यात मिळालेली वीस मिनिटे संपतात. नवरा विचारतो, "अजून तेवढेच झाले?"

याहून सूक्ष्म गोष्ट हाताच्या ताणाची आहे. मन स्वस्थ असले की टाका सैल पडतो. कान दाराकडे असले की घट्ट. जाणती बाई पुरे झालेला स्वेटर उजेडात धरून सांगू शकते की, येथे काम महिनाभर पडून होते आणि येथून पुढे विणणारीचे चित्त ठिकाणावर नव्हते. आम्ही वकिलीत पुष्कळ दस्तऐवज वाचले. घरातील घडामोडींची इतकी प्रामाणिक नोंद थोड्याच दस्तऐवजांत सापडते.

संसार जसा बदलतो तसे हे काम बदलत जाते, आणि हा फेरपालट स्त्रिया कोणास न सांगता करीत आल्या आहेत. डोहाळजेवणाच्या सुमारास टोपडे आणि मोजे, कारण ते लवकर संपतात. मूल अंगावर पिते तोवर केवळ सुलट टाक्यांची पट्टी, कारण ती डोळे मिटूनही होते. मुले शाळेत जाऊ लागली की नक्षी. घरात कोणी अंथरुणाला खिळले की पुन्हा साधी पट्टी, रुग्णाच्या उशाशी बसून. पुष्कळदा बाळ स्वेटराच्या पुढे निघून जाते, आणि लहान ठरलेला तो स्वेटर उसवून त्याच लोकरीचा धाकट्यासाठी दुसरा होतो. घराच्या गरजा आणि हातातले काम यांचा मेळ घालण्याचे जे कसब लागते, ते तिने साधले आहेच. घराने आपल्या बाजूने काय साधले, असा आमचा प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, गोमंतकात लोकर कशाला? खरे आहे, आमच्याकडे पावसाळ्यातल्या तान्ह्याच्या टोपडीपलीकडे तिची गरज थोडी, आणि हात बसला आहे तो क्रोशावर. परंतु आमच्या मुली बेळगावला दिलेल्या आहेत, इंदूर-ग्वाल्हेरला दिलेल्या आहेत. आणि ग्वाल्हेरचा पौष ज्याने काढला आहे त्याला लोकरीचे महत्त्व शिकवावे लागत नाही. शिवाय दोऱ्याचा समईखालचा रुमाल काय आणि लोकरीचा स्वेटर काय, वेळेचा प्रश्न एकच.

आता त्या आज्या-पणज्यांविषयी. त्या विणीत होत्या यात संशय नाही. परंतु कोणत्या वयात? सून घरात येऊन चूल तिच्या हाती गेल्यानंतर. आजी ओटीवर बसून विणीत असे तेव्हा आत धुराने डोळे चोळीत कोणीतरी भाकरी थापीत होतेच. त्या थापणारीला फावला वेळ नव्हता. पंचवीस वर्षांनी तिची सून आली तेव्हा तो मिळाला. एकत्र कुटुंबात एकीचा वेळ दुसरीच्या कष्टातून निघे. कुटुंब लहान झाले, आता दुसरी कोणी उरली नाही. आणि जो उरला आहे तो वर्तमानपत्र वाचतो आहे. यंत्रांनी वेळ वाचविला म्हणावे, तर केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीचे आकडे पाहावेत. २०१९ साली घरकामात गुंतलेली स्त्री त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे घालवीत होती आणि घरकाम करणारा पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत तिची दहा मिनिटे सुटली आणि त्याने आपली नऊ सोडवून घेतली. यंत्राचा लाभ कोणाच्या पदरी गेला, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

ह्याच देशाने एकदा या कामाला फावल्या वेळेचे काम म्हटले नव्हते. १९६२ च्या चिनी आक्रमणात हिमालयातील जवानांना उबदार कपडे कमी पडले, तेव्हा देशभर स्त्रियांनी सुया हाती घेतल्या. सभांत विणले, आगगाडीत विणले, कचेरीत विणले, आणि कोणी त्यांना "आधी भाजी चिरा" म्हटले नाही. त्या वेळी ते राष्ट्रकार्य होते. युद्ध थांबले आणि त्याच सुया, तीच लोकर पुन्हा 'विरंगुळा' झाली. कामात बदल नव्हता. ते ज्याच्यासाठी चालले होते तो बदलला होता.

धर्मशास्त्राचा आधार घेऊन बोलणाऱ्यांनी ते पुरते वाचावे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूत्राध्यक्षाचे प्रकरण आहे. घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रियांना दासींकरवी काम पोहोचवावे, लोकर आणि कापूस यांचे सूत कातून घ्यावे, सुताचा पोत पाहून वेतन ठरवावे, सणाच्या दिवशी काम घ्यावयाचे तर वेगळा मान द्यावा, आणि वेतनास विलंब लावणाऱ्या अधिकाऱ्यास दंड करावा, असे तेथे सांगितले आहे. राज्य चालविणाऱ्याला स्त्रीच्या हाताचा हिशेब ठेवावासा वाटला. उलट कात्यायनस्मृतीत, स्त्रीने शिल्पकौशल्याने मिळविलेल्या धनावर पतीचे स्वामित्व मानले आहे. हा डाग आम्ही झाकू इच्छीत नाही. तो पुसण्यास १९५६ साल उजाडावे लागले: हिंदू वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमाने, स्त्रीने स्वतःच्या कौशल्याने वा श्रमाने मिळविलेली मालमत्ता पूर्णपणे तिचीच, असे स्पष्ट शब्दांत सांगितले. गोव्यात तो कायदा लागू नाही. येथे पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या व्यवस्थेनुसार, लग्नापूर्वी वेगळा करार नसेल तर, पतिपत्नींची मालमत्ता सामाईक आणि अर्धा वाटा तिचा. गोमंतकीय पुरुषास याचा मोठा अभिमान असतो. तो अर्धी वाडी देण्यास तयार आहे. अर्धा तास मागितला की त्याला कोर्टाची तारीख आठवते.

आणि न्यायालये? २००१ साली लता वाधवा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या सेवेची किंमत महिना ३,००० रुपये धरली. २०१० साली अरुणकुमार अग्रवाल प्रकरणात, जनगणनेने गृहिणींना भिकारी आणि कैदी यांच्या रांगेत बसविल्याबद्दल त्याच न्यायालयाने नापसंती दर्शविली. जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालात न्यायमूर्ती रमणा यांनी, गृहिणीचे उत्पन्न गृहीत धरणे हा तिच्या श्रमाचा सन्मान आहे, असे मत मांडले. निकाल योग्यच आहेत. परंतु हे तिन्ही खटले मृत्यूच्या भरपाईचे आहेत. तिच्या तासांचा हिशेब न्यायालयात मांडला जावा यासाठी तिला आधी अपघातात मरावे लागते. जिवंतपणी तो हिशेब घरातच व्हावयाचा, आणि तेथे न्यायाधीश, प्रतिवादी व बेलीफ एकच गृहस्थ असतो.

"बाजारात चारशे रुपयांत स्वेटर मिळतो, मग हा खटाटोप कशाला?" हा दुसऱ्या पक्षाचा युक्तिवाद. असे म्हणणाऱ्याला नातू झाला की तोच "आमच्या बाळाला एक हातचे टोपडे कर ग" असे सांगून जातो. लोकर कोण आणणार आणि रात्री कोण जागणार, हे विचारीत नाही. हातचे हवे, पण हात मोकळा करावयाचा नाही. आणि स्त्रियांनाही येथे आम्ही मोकळे सोडीत नाही. सून दुपारी सुया घेऊन बसली की "हिला काम दिसत नाही" म्हणणारी सासू स्वतः एके काळी हेच ऐकून घेत आली आहे.

जनाबाईचे दळण विठ्ठलाने दळले ही कथा आपल्या देवळांतून शतकानुशतके सांगितली जाते, आणि आमच्या वक्त्यांनीही ती त्या दिवशी सांगितली. श्रोत्यांचे डोळे पाणावले. देवाने जात्याचा खुंटा धरला यात भक्तांना देवाचा मोठेपणा दिसतो. नवऱ्याने कुकर लावला तर त्याचा कमीपणा कसा होतो, हे कोडे आम्हांस सुटलेले नाही.

दुसऱ्यांवर इतके आरोप ठेवल्यावर आरोपीच्या पिंजऱ्यात स्वतः उभे राहणे प्राप्त आहे. आमची थोरली बहीण ग्वाल्हेरला दिली. तिच्या मुलासाठी आमच्या मातुःश्रींनी निळ्या लोकरीचा स्वेटर घातला होता. वकिलीची आमची ती पहिली वर्षे. खोलीत चांगला दिवा एकच, तो आमच्या मेजावर. त्या जेवणानंतर उजेडासाठी मेजाच्या कडेला येऊन बसत, आणि सुयांच्या टिकटिकीने चित्त विचलित होते म्हणून आम्ही त्यांना पलीकडे बसावयास सांगत असू. त्या पलीकडे बसत. पुढे वडिलांना अर्धांगवायू झाला आणि काम ट्रंकेत गेले. मातुःश्री गेल्यावर ते निघाले: पाठ पुरी, पुढचा भाग बगलेपर्यंत, आणि गंजलेल्या सुयांवर टाके तसेच. उजेडात धरले तेव्हा तळापासून वीतभर अंतरावर एक ओळ दिसली. तिच्या खाली टाके सैल आणि सारखे होते, वर बारीक व आवळलेले. ती ओळ वडिलांच्या आजाराची असेल असे आम्ही स्वतःस सांगितले. पण बहिणीने तारखा जुळवून पाहिल्या, आणि त्या आजारापूर्वीच्या निघाल्या.

तो दिवा आता खिडकीजवळच्या खुर्चीपाशी नेला आहे. चार ते साडेपाच या वेळात आमच्या घरी दार आम्ही उघडतो, दूरध्वनी आम्ही घेतो आणि चहाही आम्हीच करतो. चहाविषयीचा घरातील अभिप्राय येथे देण्याजोगा नाही. अशिलांना त्या वेळी यावयाचे नाही असे सांगितले, तेव्हा दोघे रागावले आणि एक दुसऱ्या वकिलाकडे गेला. हे नुकसान आम्ही खर्चाच्या रकान्यात लिहिले आहे. इतकी वर्षे ते दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर पडत होते.

व्याख्याते पुढील उत्सवासही येणार असल्याचे कळते. उत्सव समितीकडे आम्ही रीतसर अर्ज दिला आहे की, दहा नंबरच्या सुयांची एक जोडी आणि पांढऱ्या लोकरीचे दोन गुंडे त्यांच्याकडे आधीच पाठवावेत, आणि येताना त्यांनी एक टोपडे फावल्या वेळात विणून आणावे. समितीचे उत्तर अद्याप आलेले नाही.