विज्ञान-विचार : तप्त धातु आणि त्यांचा सांधा

विजेच्या जुन्या दिव्यांतील केसासारखी तार पांढरीशुभ्र होईपर्यंत तापते, पण वितळत नाहीं, हें वाचकांनीं पाहिलेलें असेलच. ती तार टंगस्टनची. लोखंडाचें १५३८ अंश सेंटिग्रेडला पाणी होतें. टंगस्टनला ३४२२ अंश लागतात. मॉलिब्डेनम, टँटलम व नायोबियम हे त्याचेच भाऊबंद.

परंतु वितळण्याचें मान निराळें आणि उष्णतेंतील बळ निराळें. वितळण्याच्या पुष्कळ आधींच धातु मऊ पडतो व सततच्या भारानें हळूहळू ताणला जातो. म्हणून मॉलिब्डेनममध्यें शेंकडा अर्धा भाग टायटॅनियम व त्याहूनही अल्प झिर्कोनियम आणि कर्ब मिसळतात. त्यांपासून होणारे सूक्ष्म कण स्फटिकांची हालचाल रोखून धरतात.

खरी कसोटी लागते ती सांध्यापाशीं. विल्यम कूलिज यांनीं १९१० च्या सुमारास ठिसूळ टंगस्टन तापवून, ठोकून व ओढून लवचिक केला. त्या संस्कारानें स्फटिकांस तंतूंसारखें लांबट रूप येतें. सांधतांना धातु वितळला कीं तें रूप नाहींसें होतें आणि थिजतांना स्फटिक भरड बनतात. त्यांत प्राणवायु व नत्रवायु यांचा लवलेश जरी स्फटिकांच्या शिवेवर सांचला, तरी मॉलिब्डेनमचा किंवा टंगस्टनचा सांधा थंड झाल्यावर कांचेसारखा तडकूं शकतो. यास्तव सांधणी निर्वात पेटींत इलेक्ट्रॉनांच्या झोतानें किंवा शुद्ध आर्गॉन वायूंत करावी लागते. टंगस्टनमध्यें ऱ्हेनियम मिसळल्यानेंही ठिसूळपणा कमी होतो.

हा केवळ प्रयोगशाळेंतील ऊहापोह नव्हे. १९६९ सालीं अपोलो ११ मधील तिघे वीर चंद्राच्या कक्षेंतून घरीं परतले, ते ज्या मुख्य इंजिनाच्या बळावर, त्यास जोडीदार इंजिन नव्हतें. ज्वाळा बाहेर सोडणाऱ्या त्याच्या नळकांड्याचा वरचा, अधिक तापणारा भाग नायोबियमच्या मिश्रधातूचा होता. तो फाटता, तर परतीची वाट बिकट झाली असती.

छपराची परीक्षा पावसाळ्यांत पाख्याच्या मध्यावर होत नाहीं. दोन पाखीं जेथें मिळतात तेथें होते. धातूंचेंही तसेंच आहे. म्हणून कोणीं एखाद्या धातूच्या वितळण्याचा मोठा आंकडा सांगितला, तर त्याचा सांधा कसा केला, हें वाचकांनीं अवश्य विचारावें, असें आम्हांस वाटतें.