बाळाचे वजन किती?

मूल जन्मले की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, मुलगा की मुलगी? दुसरा, नाव काय ठेवणार? वजन किती भरले हे फार तर मावशी विचारते, आणि 'दोन किलो' असे उत्तर आले तर 'होईल हळूहळू बाळसेदार' म्हणून विषय संपतो. आम्हांला वाटते, समाजबांधवांनी वजनाचाच प्रश्न आधी विचारावा.

इंग्लंडात हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून परिचारिका बाळांची वजने वहीत लिहून ठेवत. जन्माचे एक आणि वर्षाचे झाल्यावर एक. डॉ. डेव्हिड बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या जुन्या वह्या घेऊन, मोठेपणी त्या मुलांचे काय झाले याचा शोध घेतला. १९८९ साली त्यांनी जाहीर केले की, सुरुवातीला वजन कमी असलेल्या पुरुषांत हृदयविकाराने मरणारे अधिक होते. वहीत नेमाने भरलेल्या आकड्याचे असे चीज झालेले पाहून आम्हा कारकुनांना बरे वाटते. ते असो.

पण इंग्लंड लांब राहिले. १९९३ साली पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत अभ्यास सुरू केला. बाई गरोदर राहण्याच्या आधीपासून तिचे वजन, मग जेवण, काम, सारे लिहून ठेवले. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची भरली. इंग्लंडातील साउथहॅम्प्टनची ३.५ किलोच्या आसपास. नवल पुढेच आहे. आपली बाळे हडकुळी दिसली तरी त्यांच्या अंगातली चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. कमी होते ते मांस आणि पोटातले अवयव.

असे का होते? पोटातल्या बाळाला अन्न कमी पडले की शरीर आधी मेंदू वाचवते आणि काटकसर दुसरीकडे करते. स्वादुपिंड, मूत्रपिंड, स्नायू यांच्या वाट्याला कमी येते. मूत्रपिंडातल्या गाळण्या तर जन्माआधीच मोजून तयार होतात, नंतर वाढत नाहीत. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर आरंभीची शिल्लकच तुटपुंजी. अंगाने किडकिडीत, दिवसभर राबणाऱ्या माणसालाही 'शुगर' कशी निघते, याचे एक कारण इथे आहे. लहान जन्मलेले प्रत्येक मूल आजारी पडते असे मात्र कोणी समजू नये.

त्या सहा खेड्यांत आणखी दोन गोष्टी दिसल्या. ज्या बायकांच्या जेवणात पालेभाज्या, दूध, फळे होती त्यांची बाळे मोठी भरली. ज्यांच्यामागे पाणी भरणे, शेतातले काम असे कष्ट जास्त, त्यांची लहान. बऱ्याच बायकांच्या रक्तात बी-बारा जीवनसत्त्व कमी निघाले. हे दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असते, भाजी-भाकरीत नाही. आता आपल्या घरातले पाहा. रविवारी मटण शिजते. कारभाऱ्याला फोडी, पोरांना फोडी, आणि सर्वांत शेवटी बसणाऱ्या सुनेच्या ताटात रस्सा. ती पोटुशी असली तरी तसेच. 'पोटात जागा राहत नाही, कमी खा' असे सांगणाऱ्या सासूबाईही आम्ही पाहिल्या आहेत. एक अंडे, वाटीभर दही, मेथी-चवळीची भाजी, सुकटीची चटणी यांना बंगला लागत नाही. पाण्याचा हंडा नवऱ्याने उचलला तर तेवढाही खर्च नाही.

बाळंतपणानंतरही हेच. पहिले पिवळे चिकाचे दूध पिळून टाकू नये. सहा महिने अंगावरचेच दूध, वरून मध नको, गुटी नको, पाणीही नको. पुढे पातळ पेजेवर भागत नाही. डाळ-भात कुस्करून, अंडे, वर थोडे तेल द्यावे. आणि लहान जन्मलेल्या मुलाला पुढे बिस्किटे-वेफर्सची पाकिटे देऊन गुबगुबीत करण्याच्या भरीस पडू नये. पुण्यातच आठ वर्षांची मुले तपासली, तेव्हा जन्मताना लहान आणि पुढे चरबी चढलेली मुलेच मधुमेहाच्या वाटेवर अधिक दिसली.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या लाभाचे विधेयक आले. बाळंतपणाआधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे तेव्हा बाबासाहेबांनी ठामपणे मांडले. बार्करच्या साठ वर्षे आधी! कायद्याने २०१७ पासून नोकरदार बाईला २६ आठवड्यांची रजा आहे, पण चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आपल्या भगिनीला ती कोण देणार? सातव्या महिन्यातही एक खाडा झाला की पगार कापला जातो. मातृवंदना योजनेत पात्र बाईला पहिल्या बाळंतपणाला ५,००० रुपये, दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात. ते बुडालेल्या रोजाला पुरत नाहीत, तरी सोडू नयेत. नाव लवकर नोंदवावे लागते. अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंकडे आधार कार्ड व बँकेचे पासबुक घेऊन जावे. तिथेच दर महिन्याला बाळाचे वजन करून कार्डावर लिहून घ्यावे. अडीच किलोखाली जन्मलेल्या बाळाचे तर न चुकता, आणि सलग दोन महिने वजन वाढले नाही तर ते कार्ड घेऊन सरळ दवाखान्यात जावे.