आधी कापड पाहा

गणेशोत्सव जवळ आला की मंडळांच्या टी-शर्टांची विचारणा सुरू होते. शंभर नगांचे काम स्क्रीनवाल्याकडे जाते आणि ते तिथेच जायला हवे. पण त्याच दिवसांत दुसरेही गिऱ्हाईक दारात येते. नातवाच्या वाढदिवसाला एकच टी-शर्ट हवा असलेले आजोबा येतात, नाहीतर शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी पाच नग मागणाऱ्या बाई. एका नगासाठी प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन कुणालाच परवडत नाही. अशा कामाला ट्रान्सफर पेपर हाच मार्ग आहे. इंकजेट प्रिंटर, ए-फोर कागद आणि घरची इस्त्री एवढ्यावर ते होते, म्हणून घर सांभाळून धंदा करू पाहणाऱ्या महिलांनाही ते जमण्यासारखे आहे.

तरीही आपल्या व्यवसायात या कामाला मान नाही. दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यात कोपरे सुटतात, चित्राला तडे जातात, गिऱ्हाईक टी-शर्ट घेऊन परत येते आणि दोष कागदाच्या माथी बसतो. आम्हाला हे पटत नाही. कागद खराब निघतोही, पण बहुतेक तक्रारींचे मूळ कापडात आणि दाबात असते. आपण या कामाला छपाई समजतो, तिथेच घोटाळा होतो. ट्रान्सफर पेपर कापड रंगवत नाही, तो कापडाला चित्र चिकटवतो.

आपल्या बऱ्हाणपूरच्या माणसाला हा फरक समजायला जड जाऊ नये. १७व्या शतकात इथून गेलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने इथल्या तलम कापडाबद्दल लिहून ठेवले आहे. ते कापड इराण, तुर्कस्तान, पोलंड, अरबस्तान, कैरोपर्यंत जात असे आणि त्यातल्या काहींवर रंगीत फुले असत. त्या कामात रंग धाग्याला धरून बसत असे. ट्रान्सफर पेपरवर मात्र उष्णतेने वितळणारा पातळ थर असतो. शाई त्या थरावर बसते, इस्त्रीच्या तापाने थर मऊ होऊन सुताच्या फटींत शिरतो आणि थंड झाल्यावर तिथेच घट्ट होतो. शर्टाच्या कॉलरमधले चिकटणारे बकरमही असेच बसते. कॉलर-कफांच्या आतले अस्तर कापड हा तर बऱ्हाणपूरच्या कापडधंद्याचाच एक भाग. कॉलरला फुगे का येतात, हे आपल्या कुठल्याही अनुभवी शिंप्याला विचारा. कापडात ओल होती, खळ राहिली होती, ताप कमी पडला किंवा दाब सगळीकडे सारखा नव्हता, असेच तो सांगेल. टी-शर्टावरचे चित्र सुटण्याची कारणेही हीच आहेत.

म्हणून पहिले काम कापडाचे. नव्या टी-शर्टाला दुकानात मऊपणा यावा म्हणून सॉफ्टनर दिलेला असतो, आणि त्यावर थर पकडत नाही. आपल्याकडच्या मागावरच्या मांजरपाटाची पिशवी किंवा झेंडा करायचा असेल तर ताण्याला दिलेली खळ आडवी येते. दोन्ही बाबतींत कापड एकदा साध्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवावे, सॉफ्टनर घालू नये. चित्र लावण्याआधी कोरड्या इस्त्रीने जागा तापवून घ्यावी. पावसाळ्यात तापीकाठच्या हवेत सुती कापड किती ओल धरते, हे हात लावून कळत नाही. बायोवॉश केलेली होजिअरी मिळाली तर उत्तम, कारण तिच्यावरची लव काढलेली असते. लव राहिली तर काही धुण्यांनंतर बारीक तंतू थराच्या वर येतात आणि चित्र फिके दिसू लागते.

दुसरे काम दाबाचे, आणि इथे घरची इस्त्री खरोखर तोकडी पडते. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा, इस्त्रीचा तळ त्याहून बराच लहान. मध्यावर इस्त्री पुन्हापुन्हा फिरते, कडांना मात्र ताप कमी मिळतो, म्हणून कोपरे आधी सुटतात. वाफेची भोके असलेल्या इस्त्रीत त्या जागी दाबच नसतो. गादीचे इस्त्री-टेबल वापरू नये. लाकडी टेबलावर एकपदरी सुती कापड अंथरावे, इस्त्रीतले पाणी काढून टाकावे, खूण सुतीवर ठेवावी आणि हाताचा भार देत कडांना मुद्दाम जास्त वेळ द्यावा. इस्त्रीवरच्या तीन ठिपक्यांचा अर्थ साधारण २०० अंश सेल्सिअसपर्यंत. पॉलिस्टर-मिश्र कापड एवढा ताप सोसत नाही, ते चकाकू लागते. महिन्याला नियमित काम येत असेल तर छोटी हीट प्रेस घ्यावी, असे आम्ही स्पष्टच सांगू.

कागदाबद्दल थोडक्यात. फिक्या कापडाच्या कागदावर चित्र उलटे छापायचे, गडद कापडाच्या कागदावर सरळ, कारण त्याला पांढरा थर असतो आणि तो सोलून वर ठेवायचा असतो. न छापलेला थरही कापडावर उतरतो, तेव्हा चित्राच्या कडेने नीट कापावे आणि कोपरे गोल ठेवावेत. शाई पिग्मेंटची असेल तर पाण्याला टिकते, डायची लवकर पसरते. इंकजेटचा कागद लेझर प्रिंटरमध्ये कधीही घालू नये. आतल्या तापाने थर वितळून फ्यूजरच्या रोलरला चिकटतो. आणि सब्लिमेशनचा कागद सुती टी-शर्टासाठी विकणाऱ्यांना आमची विनंती आहे की हे थांबवा. तो रंग वाफ होऊन पॉलिस्टरच्या धाग्यात शिरतो, सुताला धरत नाही. पहिल्याच धुण्यात गिऱ्हाइकाचे पैसे पाण्यात जातात.

डीटीएफ, म्हणजे आधी फिल्मवर छापून मग कापडावर उतरवण्याची पद्धत, आल्यापासून ट्रान्सफर पेपर संपला, असे काही जण म्हणतात. डीटीएफ टिकाऊ आहे, हे मान्य. पण तिथेही फिल्मवरची चिकट पूडच वितळते. खळ, ओल आणि दाब यांची पथ्ये तशीच राहतात. जो घरी इस्त्रीवर हे शिकला, त्याला पुढचे यंत्र जड जात नाही.

शेवटी गिऱ्हाइकाला दिलेल्या शब्दाचा प्रश्न. स्क्रीनच्या टिकाऊपणाचे आश्वासन देऊन ट्रान्सफरचा टी-शर्ट विकणे ही फसवणूक आहे, मग ती अनवधानाने का होईना. पद्धत कोणती ते गिऱ्हाइकाला ऑर्डर घेतानाच सांगावे. प्रत्येक नव्या जातीच्या कापडाचा आणि कागदाचा एक नमुना करून तो स्वतः पाच-सहा वेळा धुवावा आणि दुकानात टांगून ठेवावा, म्हणजे काय मिळणार ते गिऱ्हाईक डोळ्यांनी पाहील. टी-शर्टासोबत एक चिठ्ठी द्यावी: पहिला दिवस धुऊ नका, उलटा करून थंड पाण्यात धुवा, चित्रावर ब्रश मारू नका, थेट इस्त्री फिरवू नका. बऱ्हाणपुरात ही चिठ्ठी मराठी, हिंदी आणि उर्दू अशा तिन्ही भाषांत छापावी.