खड्डे नव्हे, अंकुर मोजा

जुलै महिना उजाडला की गावोगावच्या शाळांतून वृक्षारोपणाचे कार्यक्रम सुरू होतात. १९५० साली त्या वेळचे केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली, तेव्हापासूनचा हा रिवाज आहे. २०१९ साली तर आपल्या राज्याने एका पावसाळ्यात ३३ कोटी रोपे लावण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. आकडा मोठा खरा, पण तो कशाचा? लावायच्या रोपांचा. त्यांतील किती रोपे तिसरा पावसाळा पाहतील, हे कार्यक्रमाच्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही. एकाच खड्ड्यात दर वर्षी नवे रोप लावलेले तुम्हीही कुठे ना कुठे पाहिले असेल.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. मोजल्यावाचून बोलू नये, हा आमच्या विषयाचा पहिला धडा. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, तयार रोप हातात घेऊन खड्ड्यात बसवण्यापेक्षा प्रत्येक विद्यार्थ्याने घरी एक तरी वृक्ष बियांपासून उगवावा आणि त्याचा हिशेब ठेवावा. पेरल्या किती, उगवल्या किती, जगली किती, हे तीन आकडे ज्याच्या वहीत आहेत त्याने खरे वृक्षारोपण केले असे मी म्हणेन.

हा विचार जालन्यात सुचावा यात नवल नाही. आमच्या औद्योगिक वसाहतीची, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या एमआयडीसीची, ओळख लोखंडी सळयांच्या कारखान्यांमुळे झाली. पण जालन्याची दुसरी ओळख बियाण्यांची आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे ‘महिको’ ही बियाणे कंपनी सुरू केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्याच्या पिशवीवरील लेबल वाचा. त्यावर उगवणक्षमता टक्क्यांत छापलेली असते. शेतकरीही पेरणीआधी स्वतः परीक्षा घेतात. सोयाबीनचे १०० दाणे दहा-दहाच्या ओळींत ओल्या गोणपाटावर मांडतात, त्याची गुंडाळी करून ती ओलसर ठेवतात आणि सहा-सात दिवसांनी अंकुर मोजतात. ७० किंवा त्याहून अधिक दाणे उगवले, तर बियाणे पेरणीयोग्य समजतात. चार महिन्यांच्या पिकासाठी आपण एवढी काळजी घेतो. मग कित्येक दशके उभ्या राहणाऱ्या झाडासाठी ती का घेऊ नये?

या प्रयोगासाठी मी बहाव्याची शिफारस करतो. चैत्र-वैशाखात पिवळ्या फुलांचे झुंबर लटकलेले हे झाड तुम्ही पाहिले असेल. त्याचे शास्त्रीय नाव कॅसिया फिस्टुला, संस्कृतात त्याला आरग्वध म्हणतात. गुलमोहर मादागास्करहून आला, पांढरा चाफा अमेरिका खंडातून आला, बहावा मात्र आपल्याच देशातला. एकदा मूळ धरले की कोरडे हवामान तो चांगले सोसतो. शेंग हात-दीड हात लांब, नळीसारखी गोल, पिकली की काळी होते. आत आडवे पडदे असतात आणि प्रत्येक खणात एक चपटी, तपकिरी, गुळगुळीत बी असते. एका चांगल्या शेंगेतून ४० बिया सहज मिळतात. शेंगेतला काळा चिकट गर रेचक असतो, तो चाखून पाहू नका. बिया धुऊन वाळवा आणि हात साबणाने धुवा.

आता गंमत पाहा. ही बी साध्या पाण्यात रात्रभर ठेवली तरी बहुधा जशीच्या तशी राहते. तिच्या आवरणातील उभ्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की पाणी आत शिरत नाही. पाणी नाही म्हणून अंकुर नाही. बी मेलेली नसते, ती थांबलेली असते. असे थांबणे किती काळ चालू शकते? शिरीषाच्या जातीतील एका झाडाच्या बिया १७९३ साली चीनमध्ये गोळा करून लंडनच्या संग्रहालयात ठेवल्या होत्या. १९४० साली बॉम्बहल्ल्यात तेथे आग लागली, ती विझवताना बिया भिजल्या आणि त्यांतील काही चक्क उगवल्या. तब्बल १४७ वर्षांनी!

बीचा हा हट्ट निरर्थक नाही. आमच्या भागात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो वेळेवर पडेल याची खात्री नसते. २०१२-१३ सालचा दुष्काळ जालन्याने चांगलाच भोगला आहे. मृगाच्या पहिल्या सरीला सगळ्या बिया उगवल्या आणि पुढे महिनाभर पावसाने ओढ दिली, तर सगळी रोपे एकदम करपतील. म्हणून काही बिया यंदा, काही पुढच्या वर्षी, काही आणखी उशिरा, अशी निसर्गाने विभागणी केली आहे. बहाव्याच्या शेंगा माकडे, कोल्हे, अस्वले खातात. त्यांच्या पोटातून गेलेल्या बिया दूरवर पडतात.

आपल्याला हे काम घरी करायचे आहे. ४० बियांचे दहा-दहाचे चार गट करा. पहिल्या गटाला काहीच करू नका. दुसरा गट रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. तिसऱ्यासाठी मोठ्या माणसांच्या मदतीने पाणी उकळून चुलीवरून उतरवा, दोन-तीन मिनिटे थांबून त्यात बिया टाका आणि रात्रभर तसेच राहू द्या. उष्णतेने आवरणातील कमकुवत जागी वाट मोकळी होते. चौथ्या गटातील प्रत्येक बी कानशीवर किंवा पॉलिश पेपरवर एका कडेला घासा. बीच्या ज्या टोकाला बारीक ठिपका दिसतो ते टोक मात्र सोडून द्या, तेथेच कोंबाचे मूळ असते. आतला फिकट रंग दिसला की थांबा. एमआयडीसीत काम करणाऱ्यांच्या घरांत कानस सापडायला वेळ लागणार नाही! घासलेल्या बियाही रात्रभर पाण्यात ठेवा. काही रोपवाटिकांत या कामासाठी तीव्र गंधकाम्ल वापरतात, पण ते घरी किंवा शाळेत मुळीच वापरू नये.

सकाळी शाळेच्या तराजूवर प्रत्येक गट पुसून तोला. पाणी शिरलेल्या बिया फुगून जड झालेल्या दिसतील. मग दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना तळाशी भोके पाडा, त्यांत माती, वाळू आणि कुजलेले शेणखत सारख्या प्रमाणात भरा आणि बी एक सेंटिमीटर खोल पेरा. माती ओलसर ठेवा, चिखल करू नका. पिशवीवर गटाचा क्रमांक लिहा. घासलेल्या बियांचे कोंब बहुधा पंधरा दिवसांत दिसू लागतात, पहिल्या गटाला महिनेच्या महिने लागू शकतात. दररोज एका ठरावीक वेळी पाहणी करून तारीख व संख्या लिहा.

एक सावधगिरी सांगतो. दहांपैकी सात बिया उगवल्या म्हणून उगवण ७० टक्के, असे छातीठोकपणे सांगू नका. नाणे दहा वेळा उडवले तर नेमके पाच वेळा छाप पडतो का? कधी सात, कधी तीनही पडतो. म्हणून वर्गातल्या तीस मुलांनी आपापले आकडे एकत्र करावेत. मग प्रत्येक गटात ३०० बिया होतील आणि त्या आकड्यावर विसंबता येईल. एकट्याच्या वहीपेक्षा सर्वांची वही अधिक खरी असते, हे विज्ञानाचे बळ येथे घरबसल्या अनुभवता येते.

यावर दोन आक्षेप घेतले जातील, आणि ते खोटे नाहीत. पहिला असा की, रोपवाटिकेत तयार रोप स्वस्तात मिळते, मग हा खटाटोप कशाला? ज्याला केवळ झाड हवे त्याने खुशाल तयार रोप आणावे. पण विद्यार्थ्याला झाडाबरोबर ज्ञानही हवे असते, आणि ज्याने कोंबाची पंधरा दिवस वाट पाहिली आहे तो उन्हाळ्यात त्याला पाणी घालायला विसरत नाही. दुसरा आक्षेप असा की, बहावा सावकाश वाढतो आणि ऐन उन्हाळ्यात पाने गाळतो, तेव्हा सावलीचा काय उपयोग? हेही खरे. कारखान्यांच्या तापलेल्या रस्त्यालगत सावलीच हवी असेल तर कडुनिंब लावा, तोही बियांपासून सहज येतो. फक्त त्याची बी ताजी असतानाच पेरावी लागते, ती बहाव्यासारखी थांबत नाही. दोन्ही शेजारीशेजारी पेरून पाहा, म्हणजे निसर्गाच्या दोन रीती कळतील.

शिक्षकांनाही माझी एक विनंती आहे. वृक्षारोपणाचा अहवाल लिहिताना छायाचित्राऐवजी तीन रकाने ठेवा: पेरलेल्या बिया, उगवलेल्या बिया, तिसऱ्या पावसाळ्यात जिवंत असलेली झाडे. आणि ज्या मुलाच्या रकान्यात शून्य आहे त्याचे गुण कापू नका. प्रामाणिकपणे लिहिलेले शून्य हेही निरीक्षणच आहे. गुण कापले की पुढच्या वर्षी शून्याच्या जागी आठ लिहिलेले आढळेल, आणि मग झाडही गेले व विज्ञानही गेले.

बहाव्याच्या शेंगा हिवाळा सरताना पिकून काळ्या होतात आणि पुढे बरेच दिवस झाडावरच लोंबत राहतात. एक शेंग मिळवा, बिया काढून कोरड्या डबीत ठेवा आणि जूनमध्ये पेरा. तुमचे रोप वीतभर होईल तेव्हा ते वर्गमित्रांना दाखवा. फुलांसाठी मात्र पाच-सात वर्षे तरी थांबावे लागेल. तोपर्यंत तुम्ही शाळा सोडून पुढे गेलेले असाल, म्हणून वही आताच नीट लिहा आणि जाताना धाकट्या भावंडाच्या हाती द्या.