चकचकीत गोळ्यात न दिसणारा माणूस

१/ बागेत गुलाबांच्या ताटव्यात, हॉटेलच्या दर्शनी भागात किंवा एखाद्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवलेला पोलादाचा चकचकीत गोळा आपण पाहिला असेल. त्यात आकाश दिसते, झाडे दिसतात आणि मधोमध आपण स्वतः दिसतो. शोभेच्या या वस्तूमागे काच, पारा, चांदी आणि पोलाद यांचा मोठा इतिहास आहे. त्या इतिहासाविषयी, आणि तो वाचताना पक्के होत गेलेल्या माझ्या एका मताविषयी, हा थ्रेड.

२/ आधी थोडे प्रकाशाविषयी. सपाट आरसा समोरचे तेवढेच दाखवतो. गोळा हा बहिर्वक्र आरसा. त्यात जवळजवळ सगळा परिसर सामावतो. गोळ्याच्या थेट आड असलेली अरुंद जागा तेवढी सुटते. पाहणारा कुठेही उभा राहो, त्याचे प्रतिबिंब त्याला मध्यभागीच दिसते. गोळ्याभोवती दहा माणसे उभी राहिली, तर दहाही जणांना जगाचा मध्य आपणच आहोत असे वाटते. डच चित्रकार एशर याने १९३५ साली हातात असा गोळा धरून स्वतःचे चित्र काढले. त्यातही मध्यावर त्याचाच चेहरा आहे.

३/ अशा आरशाचे याहून जुने आणि प्रसिद्ध चित्र १४३४ सालचे. यान व्हान आइक याने काढलेल्या आर्नोल्फिनी दांपत्याच्या चित्रात मागच्या भिंतीवर एक लहान बहिर्वक्र आरसा आहे. खोलीच्या दारात उभी असलेली, चित्रात एरवी न येणारी दोन माणसे त्या आरशात दिसतात. आरशाच्या वर चित्रकाराने आपले नाव आणि साल लिहून ठेवले आहे. चौकटीबाहेरच्या माणसांना आत आणणाऱ्या या आरशाचा कारागीर मात्र अनामिक आहे. हा धागा लक्षात ठेवावा. शेवटी त्याकडे परत यायचे आहे.

४/ काचेच्या इतिहासात व्हेनिस टाळता येत नाही. आगीच्या भीतीने १२९१ साली व्हेनिसच्या राज्याने शहरातील काचभट्ट्या शेजारच्या मुरानो बेटावर हलवल्या. तिथल्या कारागिरांना मान होता, सवलती होत्या. पण विद्या घेऊन राज्याबाहेर जाण्याची मोकळीक नव्हती. काच राज्याची शोभा ठरली आणि ती घडवणारा हात राज्याचे गुपित ठरला.

५/ पण काच म्हणजे आरसा नव्हे. काचेच्या पाठीला धातूचा लेप लागतो तेव्हा तिचा आरसा होतो. कित्येक शतके हा लेप कथील आणि पारा यांचा असे. मेजावर कथलाचा पातळ वर्ख पसरायचा, त्यावर पारा ओतायचा, वरून काच सरकवायची आणि वजने ठेवून जादा पारा दिवसेंदिवस निथळू द्यायचा. आपण आजही ‘आरशाचा पारा उडाला’ असेच म्हणतो. आताच्या आरशांना चांदी किंवा ॲल्युमिनियम असते. पारा कधीच गेला, शब्द मात्र राहिला. कधीकधी भाषेची स्मरणशक्ती माणसांपेक्षा चांगली असते.

६/ गोळ्याला आतून लेप द्यायचा तर ही मेजावरची रीत उपयोगाची नव्हती. म्हणून शिसे, कथील, बिस्मथ आणि पारा यांचे पातळ मिश्रण फुंकलेल्या काचगोळ्यात ओतून तो सर्व बाजूंनी फिरवत. जर्मन प्रदेशांत बागेतल्या अशा गोळ्याला ‘रोझेनकुगेल’ म्हणतात. शब्दशः गुलाबगोळा! नाव मोठे सुंदर आहे. आता त्या काळच्या आरशांच्या कारखान्यात पाऊल टाकू.

७/ बव्हेरियातील फ्युर्त हे आरशांच्या धंद्याचे मोठे केंद्र होते. आडोल्फ कुसमाउल या वैद्याने तेथील आणि जवळच्या एर्लांगेनमधील आरसाकामगारांना तपासून १८६१ साली पाऱ्याच्या विषबाधेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. थरथरणारे हात, तोंडातील व्रण, ढिले होणारे दात, आणि यांच्या जोडीला एक विलक्षण भित्रेपणा. कोणी नुसते पाहत आहे एवढ्यानेही असा कामगार गोंधळून जाई. ज्याच्या हातच्या आरशात लोक हौसेने स्वतःला न्याहाळत, त्याला दुसऱ्याची नजर सोसवत नव्हती.

८/ यावर उपाय नव्हता असेही नाही. युस्टुस फॉन लीबिग या रसायनशास्त्रज्ञाने १८३५ सालीच काचेवर चांदीचा थर रासायनिक रीतीने बसवता येतो हे दाखवले होते. कुसमाउलचा ग्रंथ त्यानंतर २६ वर्षांनी आला, आणि तेव्हाही पारा चालूच होता. नवी रीत कारखान्याच्या सोयीची व्हायला वेळ लागला हे खरे. पण पारा स्वस्त होता आणि कामगाराचे दात कोणाच्या हिशेबात नव्हते, हेही तितकेच खरे.

९/ पुढे चांदीचा लेप रुळला, पण सोसण्याची वाटणी फारशी बदलली नाही. थ्युरिंगियातील लाउशा गावी १५९७ पासून काचकाम चाले. नाताळच्या झाडाला टांगायचे चकचकीत काचगोळे एकोणिसाव्या शतकात तिथूनच जगभर गेले. कारखाना म्हणजे राहते घरच. पुरुष ज्योतीवर काच फुंकत. बायका आणि मुले चांदी चढवत, रंग देत. माल पाठीवरच्या टोपल्यांतून सोनेबेर्गच्या व्यापाऱ्यांकडे जाई. सणाची झळाळी विकत घेणाऱ्या घरांना या घरांची कल्पनाही नसे.

१०/ विसाव्या शतकात काचेच्या जोडीला पोलाद आले. १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली याने न गंजणारे पोलाद तयार केले. अशा पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते. त्याचा अतिशय पातळ ऑक्साइड थर पृष्ठभागाला गंजू देत नाही. पावसात, उन्हात वर्षानुवर्षे टिकणारा आरसा बागेला मिळाला. हा गोळा पडला तरी फुटत नाही आणि त्याचा पाराही उडत नाही, कारण इथे लेपच नाही. धातूच आरसा झाला आहे.

११/ पण धातू आपोआप आरसा होत नाही. पत्र्याच्या चकत्या दाबून दोन अर्धगोल करतात, ते वेल्डिंगने जोडतात, सांधा ग्राइंडरने घासतात, मग अधिकाधिक बारीक पॉलिशपेपर आणि शेवटी कापडी चाकावर बफिंग. न गंजणाऱ्या पोलादाच्या वेल्डिंगच्या धुरात षट्संयुजी क्रोमियम असते. वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक असल्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली दिला. घासताना उडणारी धूळ वेगळीच. पारा गेला, धोक्याचे नाव बदलले.

१२/ कलावंतांनी या गोळ्याला गंभीरपणे हाताळले. १९६६ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात यायोई कुसामा हिने अधिकृत निमंत्रण नसताना १५०० चकचकीत गोळे हिरवळीवर मांडले आणि ते प्रत्येकी १२०० लिरांना विकायला काढले. ही तुमची आत्मरतीच विक्रीला आहे, अशी पाटीही लावली. आयोजकांनी विक्री थांबवली. ते गोळे प्लॅस्टिकचे होते. पुढे हीच मांडणी पोलादी गोळ्यांची झाली. पाहणाऱ्याच्या आत्मप्रेमावर कुसामाने नेमके बोट ठेवले. गोळा बनवणाऱ्याचा प्रश्न मात्र तिथेही उपस्थित झाला नाही.

१३/ मुंबईत जन्मलेले अनिश कपूर यांचे शिकागोतील ‘क्लाउड गेट’ २००६ साली पूर्ण झाले. ते पूर्ण गोल नाही, घेवड्याच्या दाण्यासारखे आहे. पण जात तीच. पोलादाचे १६८ पत्रे, वजन सुमारे १०० टन, आणि सांधा शोधूनही सापडत नाही. तो सापडू नये म्हणून लोखंडकाम करणाऱ्या कामगार संघटनेची २४ जणांची तुकडी महिनोन्‌महिने तंबूत शिरून सांधे घासत होती. जगाने तोंडात बोट घातले ते कपूर यांच्या कल्पनेकडे पाहून. ते योग्यच आहे. पण अपुरे आहे.

१४/ यावर एक आक्षेप येईल. हात दिसू नये यातच कारागिरीचे यश आहे; सांधा लपवणे हे कौशल्यच नव्हे काय? निःसंशय. परंतु सांधा लपवणे आणि सांधणारा लपवणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिली कला आहे. दुसरी सवय आहे, आणि सवय मोडता येते. चित्रपटाच्या शेवटी प्रकाशयोजना करणाऱ्यांपासून सर्वांची नावे येतात, त्याने दिग्दर्शकाची थोरवी उणी होत नाही.

१५/ बागेत गोळा ठेवणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही. अभिजनांनी या हौसेला पुष्कळदा स्वस्त रुचीचे लक्षण मानले. २०१३ साली जेफ कून्स याने तोच निळा काचगोळा प्राचीन पुतळ्यांच्या प्रतिकृतींवर ठेवून कलादालनात नेला, तेव्हा तीच वस्तू महाग झाली. वस्तूला लाज वाटावी असे काही नव्हतेच. अंगणात आकाश उतरवण्याची इच्छा निर्मळ आहे. दोष हौसेचा नाही, न विचारण्याचा आहे.

१६/ म्हणून माझे मागणे दोनच गोष्टींचे. सार्वजनिक पैशातून जिथे असे शिल्प उभे राहते, तिथल्या फलकावर कलावंताखाली ते घडवणाऱ्यांची नावेही कोरली जावीत. आणि घरासाठी गोळा घेताना किमतीबरोबर एक प्रश्न विचारावा: हा कुठे घासला जातो, आणि तिथे धूर-धूळ खेचून घेणारी यंत्रणा आहे का? उत्तर पहिल्यांदा मिळणार नाही. शंभर ग्राहकांनी विचारले, तर दुकानदार पुढे विचारू लागेल.

१७/ व्हान आइकच्या आरशाने दाराबाहेरची माणसे चित्रात आणली. त्याला सहाशे वर्षे होत आली. आपल्या बागेतल्या गोळ्यात जवळजवळ सगळे जग मावते. ज्याने तो घासला, तो माणूस तेवढा आपोआप दिसत नाही. त्याला पाहायचे तर आपल्या प्रतिबिंबावरून नजर काढावी लागेल.

थ्रेड समाप्त. मतभेद असल्यास अवश्य लिहा.